तीन वर्षे आम्हीही हेर होतो

रविवारची वंदना आटोपली की आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर अर्धा-पाऊण तास गप्पांचा फड जमतो. पूर्वी या गप्पांत एमआयडीसीतला ओव्हरटाइम, रेशनचे धान्य आणि कुणाच्या तरी मुलीसाठी आलेले स्थळ एवढेच विषय असत. आता त्यात मोबाइलवर पाहिलेल्या मालिकांची भर पडली आहे. परवाच्या रविवारी एका कारखान्यात फिटर असलेल्या तरुणाने आम्हाला भर मंडळीत विचारले, "काका, चौथं शील सांगतं खोटं बोलू नये. मग तो श्रीकांत तिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत खोटंच बोलतो, तरी आपल्याला तो आवडतो. हे कसं काय?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी येताना सायकलवर तोच प्रश्न मागच्या कॅरिअरवर बसून आला. उत्तर या सदरातून देऊ, असे त्याला सांगितले होते. तो शब्द आज पाळत आहोत. उत्तर देता देता आमच्याच घरातली एक जुनी ट्रंक उघडावी लागली, तीही वाचकांपुढे उघडतो.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी मालिकेविषयी. 'द फॅमिली मॅन' हे तिचे नाव. राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या जोडीने ती काढली. पहिला भाग २०१९ च्या सप्टेंबरात, दुसरा २०२१ च्या जूनमध्ये आणि तिसरा २०२५ च्या नोव्हेंबरात आला. मनोज बाजपेयी यात श्रीकांत तिवारी झाला आहे. मुंबईत राहणारा, पगारात घर भागवताना दमणारा, मुलांच्या शाळेतून बोलावणे आले की घाम फुटणारा हा सरकारी नोकर. प्रत्यक्षात तो गुप्तहेर आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर केंद्र सरकारने एनआयए ही तपास संस्था उभी केली. तिचीच 'टास्क' नावाची एक शाखा असल्याचे मालिकेत दाखवले आहे. एनआयए खरी, शाखा मात्र कल्पनेतली. त्याच्या जोडीला जे. के. तळपदे हा मराठी माणूस, म्हणजे शारिब हाश्मी. बायको सुचित्रा, म्हणजे प्रियामणी. मुलगी धृती आणि मुलगा अथर्व.

आमच्या घरी ही मालिका धाकट्या मुलीने आणली. ती एका दवाखान्यात परिचारिका आहे. रात्रपाळी नसली की मोबाइल टीव्हीला जोडते आणि आम्ही सगळे बसतो. मुलांची आई पहिल्या दिवशी दहा मिनिटांत उठून आत गेली, कारण या मालिकेत शिव्या फार आहेत. लहान पोरे समोर असतील तर ती लावू नये, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "त्या बाप्याचं पुढं काय झालं?" आणि पदर खोचून येऊन बसली. कारण घर ओळखीचे होते. पगाराची ओढाताण, बायकोशी अबोला, मुलांनी तोंड वर करून बोलणे, हे सगळे आपल्या घरचेच. फरक इतकाच की या माणसाच्या ऑफिसात बंदुका आहेत.

आमच्या लहानपणी तंबूतल्या सिनेमात हेर आला की तो देखणा, शूर आणि निर्दोष असे. वाईट माणूस काळा चष्मा लावून हसत असे. पाहणाऱ्याला विचार करायचे काम नव्हते. ही मालिका तसे करू देत नाही. पहिल्याच भागात करीम नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलावर खात्याचा संशय येतो. त्याच्या मागावर माणसे लागतात. शेवटी करीम आणि त्याचे साथीदार गोळीला बळी पडतात. झडती घेतल्यावर कळते की त्यांच्याकडे बॉम्ब नव्हता. गोमांसाच्या प्रश्नावर निषेध करण्याचा तो पोरकट बेत होता. म्हणजे ज्याला आपण इतका वेळ आपला माणूस म्हणत होतो, त्याच्या हातून निरपराध पोरे मेली. मग खाते पुढे येऊन 'आमची चूक झाली' असे म्हणते का? नाही. मेलेल्यांच्या माथ्यावरचा शिक्का तसाच राहतो आणि चूक फायलीत गाडली जाते. श्रीकांतला झोप येत नाही, पण तोही तोंड उघडत नाही.

हे पाहताना घरात कुणी बोलले नाही. मालिका बंद झाल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, तो वाईट आहे का?" आम्ही म्हणालो, "तो वाईट नाही. पण त्याने केले ते वाईट आहे. आणि नंतर लपवले ते त्याहून वाईट."

हे नुसते नाटकातले नाही. आपल्या महाराष्ट्रातच २००६ साली मालेगावात स्फोट झाले. त्यात मुस्लिम तरुणांना पकडले. ते पाच वर्षे तुरुंगात राहिले, २०११ साली जामिनावर सुटले आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. मधल्या काळात कुणाची आई गेली असेल, कुणाचे लग्न मोडले असेल, त्याचा हिशेब कोणत्या कागदावर आहे? देशाचे रक्षण झालेच पाहिजे, त्यात वाद नाही. आपल्या घरांतली कितीतरी पोरे सैन्यात आहेत. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा आपल्याला अभिमान आहे. पण रक्षण करणाऱ्याची चूक झाली तर ती कबूल करायची की नाही, हा प्रश्न विचारणारा देशाचा शत्रू ठरत नाही.

नगर जिल्ह्याच्या माणसाला तर हा विषय परका नाहीच. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जुन्या सवयीने आम्ही नगरच म्हणतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे. भिंगारच्या बाजूला लष्कराची वस्ती, रणगाड्यांचे आणि यांत्रिक पायदळाचे प्रशिक्षण, के. के. रेंजवरच्या तोफांचा आवाज, १९९४ पासूनचे रणगाडा संग्रहालय हे सगळे आपल्या दाराशी आहे. कॅम्पात काम करणारा माणूस घरी आला की आत काय पाहिले ते सांगत नाही, आणि घरचेही विचारत नाहीत. त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे, हे आपल्या बायाबापड्यांनाही कळते.

हेरांचा इतिहासही आपल्या जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यात पट्टा किल्ला आहे, त्याला विश्रामगड म्हणतात. १६७९ साली जालन्याची लूट घेऊन परतताना शिवाजी महाराजांना संगमनेरजवळ मोगलांच्या फौजेने गाठले. मोठी लढाई झाली. तेव्हा बहिर्जी नाईक या त्यांच्या हेरांच्या प्रमुखाने आडवाटेने त्यांना या किल्ल्यावर सुखरूप आणले, असे इतिहास सांगतो. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून विश्रामगड. हे बहिर्जी नाईक रामोशी समाजातले मानले जातात. राजाचा जीव ज्याने वाचवला, त्याचा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे.

आपलेही तसेच. गावाच्या वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर कोण? चोराचा माग काढणारा, गावात कोण परका आला त्याची खबर पाटलाला देणारा, सरकारी खलिता पायी पोहोचवणारा तराळ कोण? आपलेच वाडवडील. गावाची सगळी गुपिते त्यांना ठाऊक आणि गावाच्या विहिरीवर पाणी भरायला त्यांना बंदी. त्या कामाला पगार नव्हता; वतनाचा तुकडा आणि दारोदारची भाकरी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते हे जोखड काढण्यासाठीच. म्हणून मालिकेतल्या खात्याकडे पाहताना आमचे लक्ष एका गोष्टीकडे गेले. वरचे साहेब कुलकर्णी, नायक तिवारी, जोडीदार तळपदे. साळवे, गायकवाड, कांबळे या नावाचा अधिकारी आम्हाला त्या खोलीत भेटला नाही. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पहाऱ्यात गेल्या, ते पहाऱ्याच्या गोष्टीतून मात्र गायब. मालिका काढणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. मुद्दाम केले नाही, म्हणजे लक्षातच आले नाही, हे जास्त बोचते.

दुसऱ्या भागात राजी नावाची बाई आहे. सामंथा या दाक्षिणात्य नटीने ते काम केले आहे. राजी चेन्नईत एका कारखान्यात राबते, मुकादमाचा त्रास सोसते. ती मुळात तमिळ बंडखोरांच्या फौजेतली आहे. सैनिकांनी तिच्यावर जे अत्याचार केले, त्याची आग तिच्या पोटात आहे. ती जे करायला निघाली ते भयंकरच आहे, पण ती तिथवर कशी आली हेही मालिका दाखवते. तमिळनाडू सरकारने २०२१ साली या मालिकेवर बंदी घालावी म्हणून केंद्राला पत्र पाठवले होते. तमिळांच्या लढ्याची बदनामी होते असे त्यांचे म्हणणे. शिवाय गरीब, बंडखोर बाई दाखवायची म्हणून गोऱ्या नटीचा रंग काळा केला, यावरही लोकांनी बोट ठेवले. आमच्या मुलीने तेच विचारले, "गरीब दाखवायला काळंच का करावं लागतं?" आम्ही तिला उत्तर देऊ शकलो नाही. शाबासकी मात्र दिली.

याच भागात शत्रू श्रीकांतच्या घरात कसा शिरतो ते पाहण्यासारखे आहे. भिंत फोडून नाही. नवरा-बायकोत अबोला आहे, एकमेकांपासून लपवालपवी आहे, मुलीकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नाही. अशा वेळी एक गोडबोल्या मुलगा धृतीशी मैत्री करतो. तो तिचे ऐकून घेतो, एवढेच. नाव खोटे, प्रेम खोटे. पोरगी जाळ्यात सापडते. बापाने देशाची राखण केली आणि घराचे दार उघडे राहिले.

हे पाहिल्यावर आम्हाला आपल्याच वाङ्मयातली एक गोष्ट आठवली. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला भगवान बुद्धांकडे अंदाज घ्यायला पाठवले. भगवंतांनी त्याला थेट उत्तर न देता आनंदाला विचारले, वज्जी वारंवार सभा भरवतात का, एकजुटीने बसतात आणि एकजुटीने उठतात का, वडीलधाऱ्यांचा मान राखतात का, स्त्रियांवर जबरदस्ती करत नाहीत ना? आनंदाने सांगितले, होय, ते असेच वागतात. मग जोवर हे असे आहे तोवर त्यांचा ऱ्हास नाही, असे भगवंत म्हणाले. वस्सकार हुशार. तो समजला की ही माणसे लढाईत हरणार नाहीत, फूट पाडली तरच हरतील.

पुढचे अट्ठकथेत आहे. राजाने वस्सकाराशी खोटे भांडण काढले आणि त्याला हाकलून दिले. वज्जींनी त्याला निर्वासित समजून वैशालीत आसरा दिला, मानाची जागा दिली. मग तो एकेकाला बाजूला घेऊन कानात काहीतरी क्षुल्लक विचारू लागला. शेत दोन बैलांनी नांगरता का, असे काहीबाही. दुसरा विचारी, "तो काय म्हणाला?" पहिला खरे सांगे, "बैलांचे विचारले." दुसऱ्याला पटत नसे. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण बाजूला घेतो? तीन वर्षांत अशी वेळ आली की दोन वज्जी एका रस्त्याने चालेनात. धोक्याचा नगारा वाजला, कुणी जमले नाही. अजातशत्रू उघड्या वेशीतून आत आला.

वाचकहो, यात एक बाण सुटलेला नाही. वज्जींना कुजबुजीने मारले. खरा हेर हा असा असतो. आपल्या वस्त्यांत, आपल्या संघटनांत, जयंतीच्या समित्यांत या वस्सकाराने काय काय केले ते आम्ही सांगायला नको. हल्ली तो मोबाइलमधूनही येतो.

आणि तो शिरतो कुठून? जिथे घरातल्याच माणसांनी एकमेकांपासून काही दडवलेले असते, तिथून. त्या रात्री मुलीने विचारले, "पप्पा, तुम्ही आम्हाला कधी खोटं सांगितलंत का?" आम्ही मुलांच्या आईकडे पाहिले. तिने मान खाली घातली नाही. ती म्हणाली, "सांगा आता. पोरं मोठी झाली."

१९८९ साली आम्ही पाथर्डी तालुक्यातले गाव सोडून नगरला एका लहान कारखान्यात लागलो. नवे लग्न झालेले. खोली शोधायला शहरातल्या एका गल्लीत फिरलो. जिथे जाऊ तिथे पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितले की खोली "कालच दिली" असायची. अशा पाच खोल्या कालच दिल्या गेल्या. सहाव्या घरी आम्ही आडनाव सांगितलेच नाही. गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि सांगून टाकले. खोली मिळाली.

त्या दिवसापासून तीन वर्षे आम्ही हेरासारखे राहिलो. बाबासाहेबांची आणि भगवंतांची तसबीर ट्रंकेत, गोधडीखाली. १४ एप्रिलला मुलांची आई पांढरी साडी पिशवीत घडी घालून न्यायची, बहिणीच्या घरी सिद्धार्थनगरला जाऊन नेसायची आणि परतताना पुन्हा रंगीत साडी नेसून गल्लीत शिरायची. मित्रांना सांगून ठेवले होते की दारात हाक मारताना जयभीम घालू नका. जातीचा विषय निघाला की आम्ही नळाचे पाणी आले का ते पाहायला उठायचो. श्रीकांत तिवारीला निदान सरकारचा पगार होता. आम्ही हे काम फुकट केले.

एकदा गावाहून आई आली. पाठीवर बाजरीचे गठुडे. दारात उभी राहून तिने मोठ्याने जयभीम घातला. आम्ही पळत जाऊन तिला आत ओढले आणि दार लावले. हळू आवाजात सांगितले की इथे रामराम म्हणायचे. आई खाली बसली नाही. म्हणाली, "बाबासायबानं ज्या तोंडात जयभीम घातला, त्या तोंडानं लेकाच्या दारात रामराम घालू व्हय? मी चोरावानी यायची न्हाय तुझ्या घरी." बाजरी ठेवली आणि त्याच पावली माळीवाड्याच्या स्टँडवर परत गेली. खोली सोडेपर्यंत ती नगरला आली नाही. आई आता नाही. हेराच्या धंद्यात काय गमावते ते आम्हाला मालिकेने शिकवलेले नाही.

घरमालकीण मात्र मनाची चांगली होती. १९९० साली थोरल्या मुलाच्या वेळी रात्री कळा सुरू झाल्या. आमची रात्रपाळी होती. त्या बाईने रिक्षा बोलावली, सरकारी दवाखान्यात नेले, रात्रभर बाकावर बसून राहिली. आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा तीच दारात भेटली, "मुलगा झाला" म्हणाली. आम्ही तिच्या पाया पडलो आणि पाया पडताना मनात एकच विचार होता, हिला कळले तर?

हे सगळे ऐकल्यावर थोरला मुलगा इतका वेळ गप्प होता तो म्हणाला, "मग माझ्या जन्माच्या दाखल्यावर कोणतं नाव आहे?"

आम्ही म्हणालो, "खरेच आहे. सरकारी कागदावर खोटे नाव द्यायची आमची हिंमत झाली नाही."

तेव्हा मुलांच्या आईने एक गोष्ट सांगितली. पस्तीस वर्षांत तिने ती आम्हालाही सांगितली नव्हती. दाखल करून घेताना तिने नाव खरे लिहिले होते. पहाटे सिस्टरने वॉर्डात त्या पूर्ण नावाने तिला पुकारले. आडनावासकट, मोठ्याने. मालकीणबाई शेजारी उभी होती, हातात चहाचा थर्मास. तिने ऐकले. मुलांच्या आईकडे एकदा पाहिले. मग थर्मासचे झाकण काढले आणि चहा ओतून तिच्या हातात दिला. त्या दिवशी ती काही बोलली नाही, पुढे दोन वर्षे बोलली नाही, गल्लीत कुणाला कळू दिले नाही.

म्हणजे आम्ही स्वतःला हेर समजत होतो आणि आमचे गुपित सांभाळत होती ती.

आता यावर टाळ्या वाजवाव्यात असेही नाही. तिला कळले होते, तर "तसबीर भिंतीवर लावा" असे तिने म्हटले नाही. तिलाही गल्लीची भीती असेल. चांगुलपणा होता, पण दार लावून केलेला. आणि आम्ही? खोली सोडताना मुलांची आई म्हणत होती, जाताना तरी खरे सांगू. आम्ही सांगितले नाही. ज्या बाईने आम्हाला ओळखूनही चहा दिला, तिला आम्ही शेवटपर्यंत न ओळखल्यासारखे वागवले. तिला जातीवादी धरून चाललो. तीही एक जातच झाली की नाही?

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे उत्तर. आम्ही चौथे शील मोडले का? मोडले. त्याला दुसरे नाव देणार नाही. पण १९१७ साली अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर गेले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. संध्याकाळी त्यांना बागेत बसून रडावे लागले. हा प्रसंग आपल्याला कसा कळला? त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला म्हणून. खोटे नाव का लावले, मनात काय आले, सगळे लिहिले. लपवले नाही.

आम्हाला वाटते, फरक इथे आहे. खोट्याकडे पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, ते कुणाच्या भीतीने बोलले गेले? दुबळ्याने बळवंताच्या भीतीने दडवलेले आणि बळवंताने दुबळ्यापासून दडवलेले, दोन्ही एका तराजूत बसत नाहीत. दुसरी, त्याची किंमत कोण भरते? करीमची किंमत करीमने भरली, खात्याने नाही. आमच्या खोटेपणाची किंमत आईने भरली. आणि तिसरी, खरे सांगायची वेळ आली तेव्हा सांगितले का? २०१४ साली आपल्याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात आपल्या एका कोवळ्या मुलाचा खून झाला. २०१७ साली साक्षीदार उलटले आणि आरोपी निर्दोष सुटले. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून खरे बोलायचे नाही, याला कुठल्याही देशाचे, कुठल्याही घराचे संरक्षण म्हणता येणार नाही. त्याचा हिशेब वेगळा.

श्रीकांत तिवारी आवडतो, कारण तो आपल्यासारखाच दमतो आणि त्याला आपल्यासारखीच टोचणी लागते. तिसऱ्या भागात तर त्याचेच खाते त्याच्या मागे लागते. ज्या संशयाने त्याने दुसऱ्यांना पाहिले, तो संशय त्याच्याकडे वळतो. तो आवडावा, त्यात गैर नाही. पण आवडला म्हणून त्याचे सगळे बरोबर ठरवू नये. मालिका संपली की टीव्ही बंद करून घरातल्यांनी दहा मिनिटे बोलावे: याने आत्ता खोटे कुणाला सांगितले, आणि आपण असतो तर काय केले असते? वस्सकाराला आपल्या घरात बसायला जागा उरणार नाही.

त्या रात्री थोरला मुलगा उठून माळ्यावर चढला आणि ती जुनी ट्रंक खाली काढली. आत गोधडीच्या चौकटीत तसबिरींच्या खुणा अजून उमटलेल्या होत्या. तसबिरी केव्हाच भिंतीवर गेल्या आहेत. मुलाने विचारले, "त्या बाई कुठे राहतात?" आम्हाला माहीत नाही. पण येत्या रविवारी वंदना झाल्यावर आम्ही दोघे त्या गल्लीत जाणार आहोत. घर असेल, बाई असतील, तर दारात उभे राहून आईने घातला होता तसा मोठ्याने जयभीम घालू आणि मग खरे नाव सांगू.

जयभीम!